गाठ कशाची, ते आधी कळू दे

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. नाव-गाव वगळून त्याचा आशय असा:

त्यांच्या नणंदेचं वय एकोणीस. गणपतीच्या सुमाराला तिच्या मानेला डाव्या बाजूला बोराएवढी गाठ आली, दिवाळीपर्यंत एकीच्या तीन झाल्या. दुखत नाहीत म्हणून सुरुवातीला कुणी मनावर घेतलं नाही. गावातल्या डॉक्टरांनी दोनदा गोळ्यांचा कोर्स दिला. फरक पडेना, तेव्हा त्यांनी सुईची तपासणी करून आणायला चिठ्ठी लिहून दिली. ती चिठ्ठी देवघरातल्या पंचांगात तशीच आहे. सासूबाई मुलीला जंगलपट्ट्यातल्या एका बाबांकडे नेतात. ते गंडमाळेवर, म्हणजे मानेतल्या अशा गाठींवर औषध देतात: सालीचा काढा, मुळी उगाळून लेप आणि गळ्यात मुळीचा दोरा, तीन अमावास्या. पहिल्या महिन्यात मोठी गाठ उतरली, आता पुन्हा वर आली आहे. सुईचं नाव काढलं की सासूबाई म्हणतात, "सुई लावलीस की गाठ पसरत्या. आमच्या घरात कुणाला टीबी न्हाई, उगंच नाव कशाला लावून घेऊलाईस?" चंदगडकडचं एक स्थळ आलं आहे आणि माघात पुढचं ठरवायचं आहे. पत्र लिहिणाऱ्या ताई बीएस्सी झालेल्या आहेत. त्या विचारतात, "झाडपाल्याची ही औषधं म्हणजे शुद्ध अंधश्रद्धाच ना? विज्ञानात याला काही आधार आहे का? आणि नसेल तर सासूबाईंना ते कसं पटवून देऊ?"

ताई,

बाकीचं सगळं बोलू, खरं आधी पंचांगातली ती चिठ्ठी बाहेर काढा. येत्या आठवड्यात ती तपासणी होऊ दे. आधी सासूबाईंना पटवायचं आणि मग तपासणी, असा क्रम लावू नका. पटायला माघ उजाडेल, आणि गाठी तोवर थांबून राहणार नाहीत.

आता तुमचा प्रश्न. बेळगावच्या शहापुरातल्या एका बोळात मी तीस वर्षं आयुर्वेदाचा दवाखाना चालवला. कांचनार गुग्गुळाच्या गोळ्या माझ्या हातांनी वळल्या आहेत. कांचनाची साल, त्रिफळा, सुंठ-मिरी-पिंपळी, वायवर्ण्याची साल, वेलची, दालचिनी, तमालपत्र आणि या सगळ्यांच्या बरोबरीने गुग्गुळ. शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात ही कृती आहे, आणि मानेच्या गाठी म्हटलं की आजही वैद्याच्या तोंडी पहिलं नाव याचंच येतं. त्यामुळे 'शुद्ध अंधश्रद्धा' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण तुम्ही ज्या अर्थाने 'आधार' विचारता, त्या अर्थाने 'आहे' असंही मला म्हणता येत नाही.

कांचनाच्या सालीचा अर्क उंदरांना दिला तर सूज कमी होते, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. काचेच्या बशीत वाढवलेल्या काही जंतूंची वाढ तो रोखतो, असंही दिसलं आहे. हे खोटं नाही. पण बशीतले जंतू मरणं आणि माणसाच्या मानेतला आजार बरा होणं यात फार मोठं अंतर आहे. बशीतले जंतू साबणानेही मरतात. हळदीचंच बघा. तिच्यातल्या ज्या द्रव्यामुळे ती एवढी गाजली, ते पोटात घेतलं तर रक्तात फारच थोडं उतरतं. रुग्णांचे दोन गट करून, एकाला कांचनार गुग्गुळ आणि दुसऱ्याला तसंच दिसणारं पण औषध नसलेलं काही देऊन, क्षयाच्या गाठी त्याने बऱ्या होतात असं दाखवणारी मोठी चाचणी आमच्याकडे नाही. हे लिहिताना मला आनंद होत नाही. ती व्हावी असं मला मनापासून वाटतं.

चाचणीचा एवढा आग्रह कशाला, असं माझे काही वैद्यमित्र विचारतात. त्यांना मी गुग्गुळाची गोष्ट सांगते. १९६०च्या दशकात बनारसला सशांवर झालेल्या अभ्यासात गुग्गुळाने रक्तातली चरबी कमी होते असं दिसलं. पुढे त्यावरून आपल्या देशात औषधही निघालं. मग २००३ साली अमेरिकेत दोन गट करून नीट तुलना केली, तर गुग्गुळ घेणाऱ्यांचं वाईट कोलेस्टेरॉल उतरायच्या ऐवजी किंचित चढलं आणि काहींच्या अंगावर पुरळ उठलं. ज्यावर आपली श्रद्धा आहे ते तपासायला आपण घाबरू नये, एवढंच माझं म्हणणं. आपल्या बेळगावातच नेहरूनगरला पारंपरिक औषधांवर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था आहे. पुष्कळ बेळगावकरांना हे ठाऊकही नसतं.

पण ताई, मला वाटतं तुमचा प्रश्नच एक पायरी सोडून पुढे गेला आहे. 'गाठीवर झाडपाला चालतो का' असं तुम्ही विचारता, आणि सासूबाई म्हणतात 'चालतो'. तुम्ही दोघीही धरून चालला आहात की गाठ हा एक आजार आहे. तसं नाही. गाठ म्हणजे आत कुठेतरी काहीतरी चाललं आहे याची खूण.

निपाणीच्या पुढे कोगनोळीचा नाका तुम्ही पाहिला असेल. कोविडच्या दिवसांत तिथे तपासणी सुरू झाली की गाड्यांची रांग कुठवर जायची! रांग लागली म्हणजे नाका बिघडला असं नव्हे, तिथे कुणाला तरी अडवून बघणं चाललेलं असतं. मानेत, काखेत, जांघेत शरीराचे असेच नाके आहेत. पायाला काटा लागून चिघळलं की जांघेत अवधाण येतं, हे आपल्या आज्यांना पक्कं माहीत होतं. किडलेल्या दाढेची गाठ जबड्याखाली येते. शाळकरी मुलीच्या डोक्यात उवा होऊन खाजवून जखमा झाल्या की कानामागे, मानेच्या मागच्या बाजूला मण्यांसारख्या गाठी लागतात. तिथे कांचनारही नको आणि सुईही नको. दाढेचं बघा, उवा काढा, गाठ आपोआप बसते. घोट गिळताना जी गाठ वर-खाली सरकते ती बहुधा थायरॉईडची, तिचा रस्ता आणखी वेगळा. आणि मग राहतात त्या गाठी ज्यांना आम्ही गंभीरपणे घेतो: क्षयाच्या, आणि क्वचित रक्ताच्या किंवा दुसऱ्या कुठल्या कर्करोगाच्या. हाताला लागताना या सगळ्या 'गाठी'च. म्हणून गाठीवर अमुक औषध चालतं का, या प्रश्नाला उत्तरच नाही. कुठल्या गाठीवर, हे आधी ठरावं लागतं.

हे काही मी आजकालच्या डॉक्टरांचं शिकून बोलत नाही. आमच्या जुन्या ग्रंथांतही गलगंड वेगळा, ग्रंथी वेगळी, गंडमाळा वेगळी, अपची वेगळी. गंडमाळेचं वर्णन काय आहे? मानेत, काखेत, जांघेत येणाऱ्या, बोराएवढ्या-आवळ्याएवढ्या, हळूहळू पिकणाऱ्या पुष्कळ गाठी. तुमच्या पत्रातही बोरच आलं आहे. अपचीबद्दल तर सुश्रुतात म्हटलं आहे की काही गाठी फुटतात, काही नाहीशा होतात आणि दुसऱ्या नव्या येतात. आणि चरकाने गंडमाळा साध्य म्हणून सांगितली आहे, पण तिच्यासोबत सर्दी-पडसं, कुशीत दुखणं, खोकला, ताप आणि उलटी असेल तर ती असाध्य. गाठींच्या जोडीला खोकला आणि ताप आला की आपल्या हातून रोगी सुटतो, हे त्या माणसांनी बघून बघून लिहून ठेवलं. त्या काळी त्यांच्याकडे यावर उपाय नव्हता. आज आहे.

हे सगळं मला पाठ होतं, ताई, आणि तरीही माझी एकदा चूक झाली. दवाखाना सुरू करून पाच-सहा वर्षं झाली होती. दहावीतल्या एका मुलाला त्याची आई घेऊन आली. मानेत दोन गाठी, ताप नाही, खोकला नाही. मी कांचनार गुग्गुळ सुरू केला. महिन्यात गाठी निम्म्यावर आल्या. आई पेढे घेऊन आली आणि मी ते खाल्ले. चौथ्या महिन्यात गाठींवरची कातडी जांभळट, चकचकीत दिसू लागली, एक दिवस फुटून पाणी वाहू लागलं, आणि रात्री त्याला खोकला लागत असल्याचं आईने तेव्हा सांगितलं. छातीच्या फोटोत डाग होता. मुलगा बरा झाला, आज त्याची मुलं शाळेत जातात. पण त्याचं दहावीचं वर्ष गेलं, मानेवर खळगा राहिला, आणि तो घरात ज्या लहान बहिणीशेजारी झोपायचा तिलाही नंतर गोळ्या घ्याव्या लागल्या. तपासणीला पाठवायला मला चार ओळींची चिठ्ठी पुरली असती. तुमच्या गावच्या डॉक्टरांनी ती लिहिली. माझ्यापेक्षा ते शहाणे ठरले.

त्या मुलाच्या गाठी पहिल्या महिन्यात का उतरल्या, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. तुमच्या नणंदेचंही तेच झालं आहे म्हणून सांगते. क्षयाच्या गाठी मुळातच कमी-जास्त होत असतात, सुश्रुतात म्हटल्यासारख्या. साध्या सर्दी-घशाच्या गाठी तर बहुधा दोनेक आठवड्यांत काहीही न करता बसतात. माणूस औषधाला कधी जातो? गाठ सगळ्यात मोठी दिसते तेव्हा. त्यानंतर ती बहुतेक वेळा उतरणारच असते, आणि श्रेय त्या दिवशी जे घेतलं त्याला मिळतं. बाबांकडे दहा जण गेले, समजा त्यातल्या सातांच्या गाठी आपोआप बसल्या. ते सात जण नारळ घेऊन परत येतात. उरलेले तीन मिरजेला किंवा बेळगावला जातात, बाबांना ते पुन्हा दिसतच नाहीत. बाबा लोकांना फसवतात असं मी म्हणणार नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर खरोखरच फक्त बरे झालेले येतात. तीस वर्षं माझंही असंच होत होतं.

तेव्हा तुमच्या नणंदेबद्दल. तीन महिने होऊन गेलेल्या, न दुखणाऱ्या, वाढत्या, एकीच्या तीन झालेल्या गाठी आणि दोन कोर्सनी न बसलेल्या. आपल्या देशात हे वर्णन ऐकलं की कुणीही आधी क्षयाचाच विचार करील. क्षय म्हणजे फक्त खोकला आणि रक्त, असं नाही. देशात नोंद होणाऱ्या क्षयरुग्णांपैकी साधारण पाचात एकाचा क्षय फुप्फुसाबाहेरचा असतो, आणि त्यात सगळ्यात जास्त गाठींचाच. तो क्षयच असेल असं मी पत्रावरून म्हणत नाही. म्हणून तर सुई हवी.

सुईने गाठ पसरते, ही भीती आपल्या भागात घरोघरी आहे. तिच्यामागे खरं बघितलेलं काहीतरी आहे. क्षयाची गाठ पिकल्यावर कुणी ब्लेडने चिरली, किंवा ती आपोआप फुटली, तर तिथून महिनोन्महिने पाणी वाहत राहतं. लोकांनी ते पाहिलं आणि दोष टोचण्याला दिला. तपासणीची सुई इंजेक्शनच्या सुईएवढी किंवा तिच्याहून बारीक असते. ती गाठीत घालून दोन-चार थेंब ओढून घेतात, पाच-दहा मिनिटांत बाहेर. त्याने क्षयही पसरत नाही. एक गोष्ट मात्र तिथे आवर्जून विचारा: काढलेला नमुना नुसता काचपट्टीवर बघणार आहात, की थोडा 'सीबीनॅट' किंवा 'ट्रूनॅट'ला पण पाठवणार? या यंत्रात क्षयाचा जंतू आहे का हे काही तासांत कळतं, आणि मुख्य औषध त्याला लागू पडेल की नाही तेही कळतं. ट्रूनॅट तर चोर्ला घाट उतरून गेलं की लागणाऱ्या गोव्यात तयार झालेलं यंत्र आहे. कधीकधी सुईने उत्तर मिळत नाही, मग एक पूर्ण गाठ काढून तपासतात. तसं झालं तर ती सगळीच्या सगळी फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे नमुना टिकवायच्या रसायनात टाकू नका, थोडा भाग साध्या सलाईनमध्ये जंतूंच्या तपासणीला ठेवा, एवढं डॉक्टरांना आठवण म्हणून सांगा. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी आणि औषधं फुकट आहेत. खानापूर ते बेळगाव सरकारी साध्या बसने तुम्हा दोघींना तिकीटही पडणार नाही, आधार कार्ड तेवढं जवळ ठेवा. अर्ज कानडीत असला तर आशाताईंना सोबत घ्या, त्यांना या सगळ्या वाटा ठाऊक असतात.

लेपाचं काय, असं सासूबाई विचारतीलच. कातडी अख्खी असेल, लाल-जांभळी झाली नसेल, तर हळद किंवा रक्तचंदन उगाळून लावल्याने बिघडणार नाही. थंड वाटतं, कुणीतरी मायेने लावतं, त्यालाही किंमत आहे. पण हळदीत चुना कालवला की लेप लाल होतो, आणि 'बघ, आतलं रक्त ओढून घेतलं' असं म्हणतात, ते तसं नसतं. हळदीला चुना लागला की ती लालच होते, घरचं कुंकू असंच तर करायचे. वाटीत नुसतं कालवून सासूबाईंना दाखवा, मानेला न लावताच लाल होईल. वाद न घालता ही एक गोष्ट त्या स्वतःच्या डोळ्यांनी बघतील.

याउलट काही गोष्टी आजच थांबवा. बिब्बा तापवून गाठीवर टेकवला की कातडी भाजते, फोड येतात, डाग जन्मभर राहतो. लग्नाच्या काळजीने टीबीचं नाव लपवायचं आणि मानेवर बिब्ब्याचा डाग घेऊन मुलगी दाखवायची, याचा काय उपयोग? रुईचा चीक तसाच, आणि हात डोळ्याला लागला तर डोळ्याला धोका. लोखंड तापवून डाग देणं, चिरा पाडणं, पिकलेली गाठ दाबून फोडणं, यातलं काहीही करू देऊ नका.

पोटात जे जातं त्याबद्दल मी जास्त कडक आहे. बाबांची साल कशाची आहे, हे तुम्हाला सांगता येईल का? कांचन, रक्तकांचन आणि दसऱ्याला सोनं म्हणून लुटतो तो आपटा, ही एकाच कुळातली झाडं. पानं सारखीच दुभंगलेली. साल वाळून तुकडे झाले की मलाही हातात घेऊन खात्रीने सांगता येणार नाही. आणि बिनलेबलची पुडी असेल तर ती तर मुळीच नको. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं असल्याचं देशात पुष्कळदा तपासणीत सापडलं आहे. स्टिरॉइडने गाठ झपाट्याने उतरते, भूक वाढते, चेहरा भरतो, घरचे खूश होतात. आत क्षय किंवा कर्करोग मात्र वाढत राहतो, आणि नंतर तपासणीलाही चकवतो. गुळवेलही कोविडनंतर घरोघरी कुंपणावर चढली आहे. ती निरुपद्रवी आहे असं मीही वर्षानुवर्षं सांगत आले. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यावर बराच वाद झाला, पण ते वाचल्यापासून मी ती सरसकट सांगणं बंद केलं. तुमच्या नणंदेला क्षय निघालाच तर याला फार महत्त्व आहे, कारण क्षयाच्या गोळ्यांचा भारही यकृतावरच पडतो. त्यांच्यासोबत काढा, चूर्ण, गुग्गुळ, काही म्हणजे काही डॉक्टरांना न सांगता देऊ नका. सहा महिने बाकी सगळं थांबवलं तरी आयुर्वेदाचा अपमान होत नाही. मी स्वतः माझ्या रुग्णांना थांबवायला लावते.

गोळ्या सुरू झाल्या तर दोन गोष्टी आधीच घरात सांगून ठेवा, कारण याच दोन गोष्टींमुळे लोक औषध सोडून पुन्हा अमावास्येला जातात. एक, लघवी केशरी-तांबडी होते. ते रक्त नसतं, औषधाचा रंग असतो. दोन, गोळ्या चालू असतानाही काहींच्या गाठी मध्येच मोठ्या होतात, एखादी नवीही येते. औषध लागू पडत नाही असा याचा अर्थ लगेच काढायचा नाही. डॉक्टरांना दाखवायचं, पण गोळी चुकवायची नाही. सहा महिने संपल्यावरही एखादी बारीक गाठ हाताला लागत राहू शकते. डोळे पिवळे झाले, अन्न नकोसं झालं, उलट्या लागल्या, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना. सरकारकडून उपचार चालू असेपर्यंत खाण्यासाठी महिन्याला एक हजार रुपये खात्यात येतात, नोव्हेंबर २०२४पासून ही रक्कम पाचशेवरून हजार झाली. अंडी, शेंगदाणे, दूध, डाळ. आमच्या लहानपणी मिरजेजवळ वानलेसवाडीला क्षयाच्या रोग्यांना ठेवायचे, तिथून परत आलेली माणसं अंडी आणि मोकळ्या हवेच्या गोष्टी सांगायची. तो आहार आजही हवाच, फक्त आता त्याच्या जोडीला गोळ्या आहेत.

आता लग्न. सासूबाईंचा विरोध सुईला आहे असं मला वाटत नाही, तो टीबी या शब्दाला आहे. त्यांना मूर्ख समजू नका. आपल्या भागात या एका शब्दावरून ठरलेली लग्नं मोडलेली त्यांनी पाहिली असणार. त्यांना सांगण्यासारखं एवढं आहे: फुप्फुसात आजार नसेल तर गाठीचा क्षय दुसऱ्याला लागत नाही. म्हणून छातीचा फोटो काढायचा. ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही. तो आईकडून लेकीकडे रक्तातून येत नाही. सहा महिन्यांत बरा होतो आणि पुढे मूलबाळ व्हायला आडवा येत नाही. लग्न माघाऐवजी पुढच्या वर्षी करा, आणि मुलाकडच्यांना काय आणि केव्हा सांगायचं ते मुलीला ठरवू द्या. लग्न आधीच झालं आणि गोळ्या चालू असल्या, तर एक गोष्ट जरूर लक्षात ठेवा: यातल्या एका औषधाने पाळणा लांबवायच्या गोळ्यांचा असर कमी होतो, दुसरं साधन वापरावं लागतं.

पत्र वाचताना मला एक गोष्ट सतत खटकत होती. त्यात सासूबाई बोलतात, डॉक्टर बोलतात, बाबा बोलतात, तुम्ही बोलता. मुलगी बोलतच नाही. तिला संध्याकाळी अंग गरम वाटतं का, रात्री घामाने झंपर भिजतो का, कपडे सैल झालेत का? आणि तिला स्वतःला काय हवं आहे? एकोणीस वर्षांची आहे, सज्ञान आहे, तपासणी करून घ्यायची की नाही हा निर्णय तिचा आहे. एखाद्या दुपारी दोघीच असताना तिच्या वेणीला तेल लावत विचारा. तुम्ही तिच्यासाठी सासूबाईंशी लढायची तयारी करताय, पण ती कदाचित आधीच घाबरून रात्री गाठी चाचपत असेल आणि कुणी विचारेल याची वाट बघत असेल.

सासूबाईंना मात्र 'ही अंधश्रद्धा आहे' हे पटवायला जाऊच नका. तुमच्या बीएस्सीने तो वाद जिंकाल आणि घर हराल. बाबांचं खोटं ठरवायची इथे गरजच नाही. त्यांना म्हणा, "आत्या, औषध तुमचंच चालू दे, खरं नेमकी कुठली गाठ हाय ते तेवढं बघून येऊया. बाबांनाबी सांगायला बरं." तपासणी होईपर्यंत फक्त लेप, पोटात काही नको, एवढी कबुली घ्या. जमलं तर तुम्हीच बाबांकडे जा आणि त्यांना विचारा, "सुईची तपासणी करून मग तुमचं औषध घेतलं तर चालेल काय?" मी असे बरेच जण पाहिले आहेत. दहापैकी निम्मे तरी 'करून घ्या की' म्हणतात, कारण फुटलेली गाठ त्यांनाही नको असते. बाबा 'हो' म्हणाले तर सासूबाईंचा प्रश्न तिथेच संपला. 'नाही' म्हणाले, तरी चिठ्ठी तुमच्याकडे आहेच.

तुमच्यासारख्या इतर घरांसाठीही लिहून ठेवते. मूल खेळतंय, जेवतंय, मानेत वाटाण्याएवढ्या सरकणाऱ्या गाठी आहेत, सर्दी-घसा आहे, तर मिठाच्या गुळण्या, गरम शेक आणि दोन आठवडे धीर पुरे. तान्ह्या बाळाला बीसीजीची लस दिल्यावर त्याच बाजूच्या काखेत गाठ आली तर घाबरून कापायला नेऊ नका. ती बहुधा आपोआप बसते, लस देणाऱ्या नर्सला दाखवा. मात्र दोन आठवड्यांनी न बसलेली, सुपारीहून मोठी, दगडासारखी घट्ट, जागची न हलणारी, गळपट्टीच्या हाडाच्या वर आलेली, किंवा जोडीला ताप, घाम, वजन घटणं असलेली गाठ आधी तपासायची, मग त्यावर काय लावायचं ते ठरवायचं. क्षयाबद्दल काही विचारायचं असलं तर १८००-११-६६६६ हा सरकारी नंबर फुकट आहे.

तपासणीच्या दिवशी, ताई, तुम्ही तिच्यासोबत आत जा, बाहेर बाकावर बसू नका. मान एका बाजूला वळवून बसवतात, त्यामुळे तिला समोरची भिंत तेवढी दिसते, मागे काय चाललं आहे ते कळत नाही. दुखतं थोडंच, पण न दिसण्याची भीती जास्त असते. ती बघू शकेल अशा बाजूला उभ्या राहा आणि हात धरा. रिपोर्ट आला की मला पुन्हा लिहा, तो काहीही असला तरी.